थर्मोस्टॅट नवा, घर मात्र गारच

या वेळच्या टपालात थर्मोस्टॅटचे प्रश्न इतके आले की बाकीचे मागे ठेवून हा एकच विषय घेतला आहे. बहुतेक प्रश्न २४ व्होल्टच्या यंत्रणेचे आहेत, म्हणजे फर्नेस (घर गरम करणारी भट्टी), हीट पंप (गरम आणि थंड दोन्ही करणारे यंत्र) किंवा मध्यवर्ती एसी भिंतीवरच्या एका थर्मोस्टॅटवर चालतो अशा घरांचे. उत्तरांत काही अक्षरे पुन्हा पुन्हा येतील. आर ही वीज घेऊन येणारी तार, सी परतीची, डब्ल्यू उष्णतेची, वाय कॉम्प्रेसरची आणि जी पंख्याची. थर्मोस्टॅट स्वतः काही तापवत नाही की थंड करत नाही. आरमधली वीज गरजेप्रमाणे डब्ल्यू, वाय किंवा जीला जोडून द्यायची, एवढेच त्याचे काम. म्हणून नव्या थर्मोस्टॅटला नावे ठेवण्याआधी वीज, तारा आणि सेटिंग तपासावे.

प्रश्न : वाय-फायवाला थर्मोस्टॅट बसवला. दोन दिवस छान चालला, मग स्क्रीन काळी. काढून परत बसवला की थोडा वेळ चालतो आणि पुन्हा बंद पडतो. जुन्याला फक्त चार तारा होत्या, त्याच जोडल्या आहेत.

उत्तर : तुमच्याकडे सी तार नाही, हे त्या चार तारांवरून जवळजवळ नक्की आहे. जुना थर्मोस्टॅट सेलवर चालत होता, त्याला परतीच्या तारेची गरज नव्हती. नव्याला वाय-फाय आणि स्क्रीन चोवीस तास चालवायची असते. सी नसेल तर तो डब्ल्यू किंवा वायच्या वाटेने, यंत्र सुरू होणार नाही इतपत थोडीशी वीज ओढून आतली छोटी बॅटरी भरत राहतो. यंत्र बराच वेळ सलग चालले की हे ओढणे अवघड होते, बॅटरी उतरते आणि स्क्रीन जाते. काही घरांत याच्या उलट होते. ओढलेली वीज थोडी जास्त झाली की कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉम्प्रेसर चालू करणारा विजेचा स्विच, गुणगुणतो किंवा कुणी न सांगता यंत्र चालू होते.

आधी मीटर घ्या, एसी व्होल्टवर ठेवा आणि फर्नेसच्या कंट्रोल बोर्डवर आर आणि सी या दोन स्क्रूंवर टोके लावा. २४ ते २८ व्होल्ट दिसले तर ही वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर ठीक आहे. मग मेन खटका बंद करून थर्मोस्टॅट भिंतीवरच्या बेसप्लेटवरून, म्हणजे तारा जोडलेल्या पाटीवरून, काढा आणि भिंतीतून येणारी केबल हलकेच दोनेक इंच बाहेर ओढा. पुष्कळदा केबलमध्ये पाचवी तार असते. ती न वापरता केबलच्या बाहेरच्या आवरणाभोवती गुंडाळून भोकात ढकललेली सापडते. बहुतेक वेळा ती निळी असते, पण रंगावर जाऊ नका. तिचे टोक ८ ते १० मिलिमीटर सोलून सीमध्ये घाला. मग फर्नेसकडे जा. तिथेही तीच तार तशीच गुंडाळलेली असणार, तिलाही सोलून बोर्डच्या सीवर घट्ट बसवा. एकच टोक जोडून काम झाले असे समजणारे फार. दुसरे टोक मोकळे असेल तर ती तार असून नसल्यासारखी.

पाचवी तार नसेलच तर तीन वाटा आहेत. नवी पाच तारांची १८ गेजची केबल ओढणे सर्वांत उत्तम. दुसरी वाट म्हणजे उत्पादकाने दिलेला अडॅप्टर फर्नेसच्या बोर्डजवळ बसवणे. तिसरी, जीची तार सी म्हणून वापरणे. त्यासाठी ती दोन्हीकडे जीवरून काढून सीवर लावायची आणि फर्नेसच्या बोर्डवर वाय ते जी असा छोटा जंपर, म्हणजे जोडतारेचा तुकडा, टाकायचा, म्हणजे एसी चालू झाला की पंखाही फिरेल. त्यात एकटा पंखा चालवण्याची सोय जाते. ही सोय तुम्ही वापरत नसाल तर हा मार्ग काही वाईट नाही.

सी तार असूनही स्क्रीन काळी असेल तर फर्नेसच्या दाराकडे बघा. दार नीट बसले नाही तर आतला सुरक्षा स्विच सगळ्या नियंत्रणाची वीज तोडतो. तारा तपासायला दार काढलेले असते आणि ते परत लावताना एक कोपरा बाहेर राहतो. दुसरी जागा म्हणजे एसीच्या पाण्याची पन्हाळ. ती तुंबून पाणी वर आले की तरंगता स्विच आरची वाट तोडतो आणि दोष नव्या थर्मोस्टॅटच्या माथी येतो.

प्रश्न : स्क्रीन व्यवस्थित आहे. हीट लावले की 'टक' असा आवाज येतो, ज्योतीचे चिन्हही दिसते, पण हवा काही येत नाही. थर्मोस्टॅट खराब निघाला का?

उत्तर : थर्मोस्टॅट बाजूला काढून पाहणे हाच याचा निकाल. खटका बंद करा. बेसप्लेटवरून आर आणि डब्ल्यूच्या तारा सोडवा, दोघींची उघडी टोके एकत्र पिळा, वर चिकटपट्टी लावा आणि खटका चालू करा. दोन-तीन मिनिटे थांबा. गॅस फर्नेस लगेच गरम हवा देत नाही. आधी धूर ओढणारा छोटा पंखा फिरतो, मग ज्योत पेटते आणि त्यानंतर अर्ध्या ते एका मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू होतो.

गरम हवा आली तर यंत्र ठीक आहे, भिंतीतल्या तारा ठीक आहेत आणि चूक थर्मोस्टॅटच्या जोडणीत किंवा सेटिंगमध्ये आहे. आली नाही तर त्या तारा सुट्या करा आणि फर्नेसच्या बोर्डवरच आर आणि डब्ल्यू एका छोट्या तारेने जोडून पाहा. इथे चालले म्हणजे मधली केबल कुठेतरी तुटली आहे किंवा बोर्डवरचा स्क्रू सैल आहे. इथेही चालले नाही तर थर्मोस्टॅटचा काहीच संबंध नाही. बोर्डवरचा छोटा दिवा किती वेळा मिचकतो ते मोजा. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात त्याचा अर्थ दिलेला असतो.

एसीसाठी हीच परीक्षा आर, वाय आणि जी या तिघी एकत्र जोडून करतात. जी विसरू नका. पंख्याशिवाय कॉम्प्रेसर चालत राहिला तर आतल्या कॉइलवर बर्फ साचतो. बाहेर १५ अंशांपेक्षा कमी तापमान असेल तर ही परीक्षा पुढे ढकला. आणि आर कधीही सीला जोडू नका, तो सरळ शॉर्ट सर्किट होतो.

चूक जोडणीत असल्याचे ठरले तर प्रत्येक तार बोटांत धरून हलका झटका द्या. स्प्रिंगच्या टर्मिनलमध्ये तार गेल्यासारखी दिसते, खटका बसल्यासारखेही वाटते, पण क्लिपने तांब्याऐवजी प्लास्टिकचे आवरण पकडलेले असते. तार बाहेर आली तर टोक आणखी दोन मिलिमीटर सोला आणि वाकलेले असेल तर सरळ करा किंवा कापून नवे काढा. तांब्यावर जुन्या रंगाचा थर असेल तर तो खरवडून टाका. घरात भिंत रंगवताना रंगारी थर्मोस्टॅट सोडवतात आणि तारांची टोकेही रंगवून जातात.

आता जंपरचा प्रश्न. नव्या थर्मोस्टॅटवर आर ऐवजी आरसी आणि आरएच अशी दोन टर्मिनल असू शकतात, एक एसीच्या ट्रान्सफॉर्मरसाठी, एक उष्णतेच्या. तुमच्याकडे आरची एकच तार असेल तर ही दोन टर्मिनल एकमेकांना जोडलेली हवीत. कुठे त्यासाठी छोटा तारेचा तुकडा असतो, कुठे सरकवायचा खटका, कुठे ते आपोआप होते. हे राहून गेले की एसी चालतो आणि हीट नाही, किंवा नेमके उलटे. आरच्या दोन वेगळ्या तारा, दोन वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवरून येत असतील तर मात्र जंपर काढलाच पाहिजे.

सेटिंगमधली एक चूक सर्वांत फसवी. मेनूत पंख्याबद्दल 'गॅस' की 'इलेक्ट्रिक' असे विचारतात. गॅस फर्नेस स्वतःचा पंखा स्वतः चालवते. इलेक्ट्रिक फर्नेसला मात्र थर्मोस्टॅटनेच जीवरून पंखा चालू करावा लागतो. इलेक्ट्रिक फर्नेस असताना 'गॅस' निवडले तर आतली कॉइल तापते, हवा हलत नाही, अतिउष्णतेचा स्विच तोडतो, थंड झाल्यावर पुन्हा जोडतो आणि हेच चालू राहते. 'टक' आवाज येऊनही हवा येत नाही, असे तुम्ही लिहिलेच आहे. फर्नेस इलेक्ट्रिक असेल तर इथूनच सुरुवात करा.

प्रश्न : तारा जोडताना एक ठिणगी उडाली. तेव्हापासून सगळेच ठप्प आहे.

उत्तर : मेन बंद न करता काम केले आणि आरची तार सीला किंवा धातूच्या पेटीला लागली. बोर्डवर बघा, मोटारीत असतो तसा छोटा दोन पायांचा फ्यूज असतो, ३ किंवा ५ अँपियरचा. जांभळा म्हणजे ३, फिकट तपकिरी म्हणजे ५. आतली तार तुटलेली डोळ्यांना दिसते. तेवढ्याच अँपियरचा नवा बसवा. मोठा बसवलात तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळेल. नवा फ्यूजही लगेच उडाला तर सर्व तारा थर्मोस्टॅटवरून सोडवा, टोके एकमेकांना लागणार नाहीत अशी वेगवेगळी ठेवा आणि पुन्हा खटका चालू करा. आता टिकला तर चूक थर्मोस्टॅटच्या जोडणीत. तरीही उडाला तर केबलमध्ये, बहुधा घराबाहेरच्या कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या दोन तारांत. तिथे उन्हाने आवरण तडकते आणि उंदीर कुरतडतात. काही बोर्डवर फ्यूज नसतोच, तिथे आर-सीवर शून्य व्होल्ट दिसले तर ट्रान्सफॉर्मर गेला असे समजा.

प्रश्न : हीट लावले की थंड हवा, कूल लावले की गरम. घरात हीट पंप आहे.

उत्तर : ओ/बीची दिशा उलटी निवडली गेली आहे. हीट पंपमध्ये एक उलटवणारी झडप असते. तिच्यामुळे तेच यंत्र उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम करते. बहुतेक यंत्रांत ही झडप थंड करताना वीज घेते, तेव्हा 'ओ' निवडायचे. काही उत्पादकांची झडप गरम करताना वीज घेते, तेव्हा 'बी'. मेनूत जा, ओ/बीची निवड उलटी करा, पाच मिनिटे थांबा आणि परत पाहा. एवढेच.

एक सापळा मात्र आहे. काही जुन्या यंत्रणांत बी हे अक्षर झडपेला नव्हे, परतीच्या तारेला दिलेले असते. म्हणजे ती खरी सी. ती ओ/बीमध्ये घातली तर थर्मोस्टॅटने झडपेला वीज पाठवताच शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. ओ आणि बी अशा दोन वेगळ्या तारा आल्या असतील तर फर्नेसच्या बोर्डवर बी कुठे जोडली आहे ते आधी बघा.

आणखी एक. सेटिंग बरोबर करूनही 'हवा कोमटच आहे' अशी तक्रार येते. हीट पंपची हवा साधारण ३२ ते ३८ अंशांची असते, गॅस फर्नेसची त्याहून बरीच गरम. हातावर ती गार वाटते, पण खोली मात्र हळूहळू गरम होते. थंडीत बाहेरच्या यंत्रातून मधूनच वाफ निघून थोडा वेळ आत गार हवा येते, तेही नेहमीचेच. यंत्र स्वतःवरचा बर्फ वितळवत असते.

प्रश्न : भिंतीवर फक्त दोन जाड तारा आहेत, काळी आणि लाल, टोपीच्या जोडणीत पिळलेल्या. नव्या थर्मोस्टॅटवर अशा तारांसाठी जागाच नाही.

उत्तर : थांबा, पुढे काही करू नका. ही २४ व्होल्टची यंत्रणा नाही. जाड तारा आणि पिळून बसवलेल्या टोप्या म्हणजे १२० ते २४० व्होल्टची मुख्य वीज, बहुधा भिंतीलगतच्या इलेक्ट्रिक हीटरसाठी. २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट त्याला लावला तर तो जळेल आणि आगीचाही धोका आहे. मुख्य वीज सोसणारा थर्मोस्टॅट घ्या. त्यावर लिहिलेली अँपियरची क्षमता हीटरच्या भारापेक्षा जास्त हवी. २४० व्होल्टवर २००० वॉटचा हीटर सुमारे ८.३ अँपियर ओढतो. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे.

प्रश्न : जुना थर्मोस्टॅट काढताना फोटो काढायचा राहिला. आता पाच तारा लोंबत आहेत, कोणती कुठे?

उत्तर : फर्नेसच्या बोर्डवर जा. तिथे प्रत्येक स्क्रूजवळ अक्षर छापलेले असते आणि तुमची तार त्यातच असते. रंग नोंदवा आणि त्याप्रमाणे भिंतीवर जोडा. लाल आर, पांढरी डब्ल्यू, पिवळी वाय आणि हिरवी जी असा रिवाज आहे, पण बसवणाऱ्याने हाताला येईल ती तार वापरलेली असू शकते. म्हणून बोर्डवर काय आहे तेच खरे. वाटेत जोड असेल तर रंग बदलू शकतो. तसे वाटल्यास खटका बंद करून एका टोकाला दोन तारा एकत्र पिळा आणि दुसऱ्या टोकाला मीटरने कंटिन्युइटी (तार अखंड जोडलेली आहे का) पाहत एकेक जोडी शोधून काढा.

प्रश्न : थर्मोस्टॅट खोलीपेक्षा दोन-तीन अंश कमी दाखवतो, त्यामुळे घर जास्त तापते. शिवाय फर्नेस सारखी चालू-बंद होते.

उत्तर : बेसप्लेटच्या मागचे भोक बघा. केबल पातळ, भोक मोठे, आणि भिंतीच्या पोकळीतली थंड हवा थेट सेन्सरवर येते. रात्री दिवे बंद करून भोकाजवळ हात धरला तर झुळूक जाणवते. पुट्टी किंवा सीलंट भरून टाका. नव्या थर्मोस्टॅटचा आकार लहान असला तर जुन्याखाली झाकलेली भोकेही आता उघडी पडलेली असतात, तीही बुजवा.

उलट, जास्त तापमान दाखवत असेल तर ऊन, दिवा, टीव्ही किंवा गरम हवेची जाळी जवळ आहे का ते पाहा. आतल्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच, दारापासून दूर ही जागा योग्य. बसवल्यावर पहिले काही तास आकड्यावर विश्वास ठेवू नका. हाताची ऊब आणि बॅटरी भरतानाची उष्णता आत साचलेली असते. त्यानंतर साधा थर्मामीटर थर्मोस्टॅटशेजारी भिंतीला चिकटपट्टीने लावा, वीस मिनिटे तिथे कुणी उभे राहू नका आणि मग दोन्ही आकडे जुळवा. फरक राहिलाच तर मेनूत दुरुस्तीचा आकडा देता येतो, पण तो शेवटचा उपाय. झुळूक तशीच ठेवून आकडा बदलला तर वारा सुटला की पुन्हा फरक पडेल.

चालू-बंद होण्यासाठी 'तासाला किती फेऱ्या' हे सेटिंग पाहा. साधी गॅस फर्नेस ५, जास्त कार्यक्षमतेची गॅस फर्नेस किंवा गरम पाण्याचा बॉयलर ३, वाफेचा बॉयलर १, इलेक्ट्रिक हीट ९ हे नेहमीचे आकडे. काही थर्मोस्टॅटांत याऐवजी अंशांतला फरक देतात. तो अर्ध्या अंशावर असेल तर एक करून पाहा. हे करूनही फर्नेस दोन-तीन मिनिटांत बंद होत असेल आणि स्क्रीनवर ज्योत तशीच दिसत असेल, तर थर्मोस्टॅट ती बंद करत नाही. फिल्टर तुंबलेला असणार. तो बदला, जाळ्या उघडा आणि मग पाहा.

प्रश्न : सकाळी सहाचा कार्यक्रम लावला तर पाचलाच सुरू होतो. शिवाय कूल लावल्यावर पाच मिनिटे काहीच होत नाही.

उत्तर : दोन्ही दोष नाहीत. पहिल्यात थर्मोस्टॅट 'सहाला सुरू व्हा' असे न समजता 'सहाला खोली तयार ठेवा' असे समजतो. नको असेल तर मेनूत ही आगाऊ सुरुवात बंद करता येते. दुसऱ्यात कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी मुद्दाम थांबणे आहे. बंद झाल्या झाल्या परत सुरू केला तर आतला दाब समान झालेला नसतो आणि मोटरवर ताण येतो. हे थांबणे बंद करू नका.

प्रश्न : रेडिएटर आहेत, बॉयलर आहे. नवा थर्मोस्टॅट 'बंद' दाखवतो तरी बॉयलर चालूच.

उत्तर : बऱ्याच बॉयलरच्या थर्मोस्टॅटसाठीच्या दोन टर्मिनलांवर कारखान्यातून एक छोटी तार घालून पाठवतात, थर्मोस्टॅट नसतानाही चालावा म्हणून. नवीन जोडताना ती काढायची राहिली तर बॉयलरला कायम 'चालू' हाच निरोप मिळतो. वीज पूर्ण बंद करून ती काढा. मात्र बॉयलरची कोणती टर्मिनल मुख्य विजेची आणि कोणती कमी व्होल्टची, हे आराखड्यावर बघितल्याशिवाय हात लावू नका. डिजिटल संवादाच्या दोन टर्मिनलांवर मुख्य वीज गेली तर बॉयलरचा बोर्डच जातो.

ज्या खोलीत थर्मोस्टॅट आहे, तिथल्या रेडिएटरला आपोआप बंद होणारी झडप असेल तर ती पूर्ण उघडी ठेवा. नाहीतर झडप खोली गार ठेवते, थर्मोस्टॅट उष्णता मागत राहतो आणि बाकीचे घर भाजून निघते.

प्रश्न : जुना थर्मोस्टॅट उघडला तर आत काचेच्या नळीत चकाकणारा थेंब आहे. टाकून द्यावा का?

उत्तर : तो पारा आहे, एका नळीत साधारण ३ ग्रॅम. रोजच्या कचऱ्यात टाकू नका. नळी न हलवता अखंड थर्मोस्टॅट झिपच्या पिशवीत घाला, ती आणखी एका डब्यात ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. नळी फुटली तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याने पारा बारीक होऊन हवेत पसरतो. मुले-जनावरे खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा आणि पंखा बंद ठेवा. मग थेंब पुठ्ठ्याच्या तुकड्याने एकत्र लोटा आणि चिकटपट्टीने उचलून झाकणाच्या बरणीत बंद करा. पुठ्ठा, पट्टी आणि हातमोजेही त्याच बरणीत.